कुलूपबंद कपाटातलं क्लोरोफॉर्म

अल्माटीच्या आमच्या प्रयोगशाळेत राउशान आपाय, म्हणजे आमच्या थोरल्या बाई, क्लोरीनवाल्या आम्लांवर काम करायच्या. पाण्यात विरघळलेल्या आम्लावर लेसरचा हिरवा किरण सोडला, की रेणू कसे थरथरतात ते पडद्यावरच्या रेषेत दिसे. प्रत्येक पदार्थाचे उंचवटे ठरलेले. त्या हिवाळ्यात त्यांच्या आम्लाच्या क्षाराच्या द्रावणात क्लोरोफॉर्मचा उंचवटा उगवला, तेव्हा त्यांनी आधी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिथे दामिर बसायचा. मजल्यावर क्लोरोफॉर्म वापरणारा तो एकटाच, आणि विभागप्रमुखाच्या जागेसाठी आपायबरोबर त्याचंही नाव होतं.

द्रावण नव्यानं बनवून आपायनी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, वर दोरा बांधून मेणाची मोहोर केली. दामिरच्या आईनं पाठवलेले बावरसाक, ते तळलेले पिठाचे गोळे, खायचेही सोडले.

"गोड बोलणाऱ्याच्या हातांकडे बघावं," त्या मला म्हणाल्या. मी हसले, तर मलाच विचारलं, जेवणाच्या सुट्टीत कुठे होतीस.

मोहोर शाबूत राहिली आणि उंचवटा वाढत गेला. मग त्यांनी ठरवलं की त्यानं दुसरी किल्ली करून घेतली असणार, मोहोरही नवी लावत असणार. त्या तक्रार घेऊन संचालकांकडे गेल्या. दामिरला तळमजल्यावरची खोली मिळाली. काचसामान खोक्यात भरून तो दारात थांबला.

"आपाय, माझं चुकलं काय, ते तरी सांगा."

"तुला ठाऊक आहे."

तो गेला, तरी उंचवटा वाढतच राहिला. आता त्या माझ्यावरही नजर ठेवू लागल्या. एके दुपारी त्यांनी बाटलीचं बूच काढलं, तर आतून वायू फुस्सकन बाहेर आला. नुसतं क्लोरोफॉर्म कुणी टाकलं असतं, तर असा वायू साठला नसता. मग कपाटाच्या आत पाठीमागच्या फळीवर हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. फळीमागून इमारत तापवणारा पाइप जात होता.

त्यांनी एक बाटली थंड खिडकीत ठेवली, एक कपाटात. खिडकीतली स्वच्छ राहिली. कपाटातल्या बाटलीत क्षार उष्णतेनं आपोआप फुटत होता. एक भाग वायू होऊन सुटायचा, मागे उरायचं क्लोरोफॉर्म. बाहेरून कुणी थेंबही टाकला नव्हता.

"हे तर मी दरवर्षी मुलांना शिकवते," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीत, सगळ्यांसमोर, त्यांनी तक्रार मागे घेतली आणि कारणही सांगितलं. नंतर मला बरोबर घेऊन तळमजल्यावर गेल्या. दामिरनं चहा ओतला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"वर ये परत," आपाय म्हणाल्या. "टेबल तसंच आहे."

"नको, आपाय. इथे मी बाटल्या उघड्यावर ठेवून जेवायला जातो. वर आता तुम्हालाही ते जमायचं नाही, मलाही नाही."

चहा संपेपर्यंत आपाय तिथेच बसून राहिल्या.