काम झालं का?

पारावर आजोबांनी गोष्ट सुरू केली: कुणी विश्वास ठेवणार नाही, पण वीज कार्यालयानं एका माणसाचं काम पहिल्या फोनवर केलं होतं. तात्यांनी घर बांधायला काढलं, तर तारा नेमक्या गच्चीच्या अंगावर. नुसता फोन केला, आणि माणसं येऊन तारांना पिवळ्या नळ्या चढवून गेली. गवंड्याची सळई चुकून लागली तरी जिवावर बेतू नये म्हणून. तात्यांना वाटलं, आपलं वजन वाढलंय.

घर उभं राहिलं, रंग लागला, राहिल्या त्या नळ्या. त्या उतरत नाहीत तोवर कायमची वीजजोडणी नाही, आणि जोडणी नाही तोवर तात्यांचा मुक्काम मेहुण्याच्या सोफ्यावर. मेहुणा फार भला. रोज सकाळी पेपराआडून विचारायचा, "भावोजी, घाई नाही हं काही. पण कधी?"

तात्यांनी फोन लावला. "नळ्या काढून न्यायच्या होत्या."

"काम झालं का?" कार्यालयातल्या बाई.

"झालं की!"

"छान. तक्रार बंद करते."

आठवडा गेला. नळ्या जागेवर, तात्या सोफ्यावर. पुन्हा फोन.

"अहो, तुम्हीच म्हणालात काम झालं!"

"माझं झालं, तुमचं नाही!"

"म्हणजे काम झालेलं नाही?"

"नाही!"

"मग कशा काढणार? काम झाल्यावर फोन करा."

झालं म्हणावं तर तक्रार बंद, नाही म्हणावं तर फोन बंद. दरम्यान एका नळीत चिमणीनं संसार थाटला, पिल्लं मोठी झाली, त्यांची लग्नं लागली. त्यांना राहायला जागा मिळाली, तात्यांना नाही. इकडे मेहुण्यानं सोफ्याला नवी खोळ शिवायला टाकली, तीसुद्धा तात्यांना आवडता रंग विचारून! त्याच दिवशी तात्यांनी पुन्हा फोन उचलला.

शेवटी 'काम' आणि 'झालं' हे दोन्ही शब्द गिळून ते फोनवर म्हणाले, "बाई, मी मेहुण्याकडे राहतोय."

पलीकडून हुंदका. "अहो, हे आधी नाही का सांगायचं!"

तासाभरात गाड्यांची रांग लागली. साहेब स्वतः शिडी धरून उभे. नळ्या उतरल्या, जोडणी मिळाली, बाईंनी स्वतःच्या हातानं पहिला दिवा लावला, चिमण्यांना पर्यायी घर दिलं. तात्या त्याच संध्याकाळी गादी घेऊन नव्या घरात गेले ते गेले, पुन्हा मेहुण्याच्या दारात म्हणून पाऊल ठेवलं नाही…

"आजोबा," मघापासून पारामागं उभा राहून ऐकणारा तात्यांचा मेहुणाच बोलला, "मग माझ्या सोफ्यावर आत्ता घोरतायत ते कोण?"