जिन्याखालच्या स्विचची बढती

माझ्या पट्टीच्या डाव्या कडेला, शर्टाच्या गुंडीएवढा एक भाग झिजून गुळगुळीत झाला आहे. बोटांनी झीज होते ती मधोमध. ही कडेला आहे आणि थोडी तिरकी आहे, कारण ती कोपराची आहे.

मित्रांनो, मी जिन्याखालचा एक जुना स्विच. गरम साच्यात तपकिरी भुकटी दाबून माझं अंग घडवलं गेलं. आत पितळेची पट्टी आणि एक बारीक स्प्रिंग बसली. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला कानाशी धरून वीस वेळा वर-खाली केलं आणि ‘आवाज खणखणीत आहे’ असं म्हणून खोक्यात ठेवलं. माझी ती पहिली शाबासकी.

घर नवं बांधलेलं होतं. मला जिन्याखाली बसवलं आणि माझ्या जुळ्या भावाला जिन्याच्या वरच्या टोकाला. दिवा एकच, हुकूम दोघांचा. मी लावायचा, त्यानं विझवायचा, किंवा उलट. एकतीस वर्षांत आमचं कधी भांडण झालं नाही, कारण आमची कधी भेटच झाली नाही.

हे घर शिवणकाकूंचं. अख्खी गल्ली त्यांना याच नावानं ओळखते. शिलाई मशीन वरच्या खोलीत, गिऱ्हाइकं खाली. काकू दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे घेऊन, दातांत टेपाचं टोक धरून यायच्या आणि कोपरानं मला दाबायच्या. न बघता. मी ‘खट्’ करायचो, दिवा लागायचा, काकू वर जायच्या. माझं सारं वैभव त्या एका ‘खट्’मध्ये होतं.

मग काकूंची नजर आक्रसू लागली. समोरचं दिसायचं, कडेचं दिसेना. उजेड कमी झाला की पायऱ्या एकमेकींत मिसळून जायच्या. एका संध्याकाळी दिवा लागलेला असूनही त्या शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. त्या मिणमिणत्या उजेडात पायरीची कडच दिसली नव्हती. मनगट मुरगळलं, सहा आठवडे मशीन बंद राहिलं.

त्यांची लेक प्रयोगशाळेत काम करते. मोजल्याशिवाय ती बोलत नाही. तेव्हा तिचं स्वतःचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधून होत आलं होतं. ती म्हणाली, “आई, तू माझ्याकडे राहायला ये. तिथं सगळं एका मजल्यावर आहे.”

“बघू,” काकू म्हणाल्या.

पुढचे चौदा महिने त्या “बघू”च म्हणत राहिल्या. घर सोडायचं म्हणजे मशीन, गिऱ्हाइकं आणि गल्ली सोडायची. न सोडावं तर जिना होताच.

लेकीनं वही काढली. तिच्या नव्या घराचं बांधकाम चालू असताना भिंती उघड्या होत्या, त्यामुळे प्रत्येक दिव्याची तार थेट एका कपाटापर्यंत नेता आली. तिथल्या एका पेटीतून साऱ्या घराचा उजेड चालणार होता. तेच इथं करायचं तर भिंती फोडायला हव्यात. दुसरा मार्ग बिनतारी स्विचचा. भिंत जशीच्या तशी राहते, स्विच फक्त निरोप पाठवतो. अंतर, तारा, बॅटरी, सगळं तिनं तपासलं आणि शेवटी दोन्ही घरांसाठी काचेचे टच-स्विच आणले; इथले जुन्याच तारांवर बसणारे.

ते बसवायला वायरमन आला. त्याच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून काकू त्याला टेस्टरराव म्हणतात. त्यानं मला भिंतीतून काढलं आणि स्क्रूंसकट बिस्किटांच्या डब्यात टाकलं. मित्रांनो, डब्यातले ते नऊ दिवस मी विसरणार नाही. बाहेर कोण आलं, कोण गेलं, ते फक्त आवाजावरून कळायचं.

त्या आवाजांवरूनच मला कळलं की काचेचं जमत नाहीये. काच सपाट, तिला कड नाही, उंचवटा नाही. काकूंचा हात चार दिव्यांच्या चार चौकोनांवरून चाचपडत राही आणि जिन्याऐवजी अंगणातला दिवा लागे. बाहीवरून कोपर लावला तर काच ढिम्म. शिवाय भिंतीतल्या माझ्या जुन्या पेटीत न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार नव्हती, म्हणून तो स्विच दिव्यातूनच थोडी वीज ओढत राही, आणि बंद केलेला दिवाही मंद धुगधुगत असे.

“कशी वाटली काच?” लेकीनं विचारलं.

“पुसायला छान आहे,” काकू म्हणाल्या. “दोनदा पुसली आज.”

टेस्टरराव खो खो हसला. लेक हसली नाही. तिनं पडद्याच्या कापडाचा गठ्ठा दोन्ही हातांत घेतला, डोळे घट्ट मिटले आणि जिन्याकडे निघाली. तिसऱ्या प्रयत्नातही दिवा लागेना.

“मी तारा मोजल्या, अंतरं मोजली,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुझा हात मोजायचा राहिला.”

“मग ते जुनं बटण कुठं टाकलंस?”

डब्याचं झाकण उघडलं तेव्हा एवढा उजेड आत आला, की मला वाटलं, आता मीच पेटतो.

टेस्टररावानं दिव्याच्या मुळाशी, छतात, एक छोटी पेटी बसवली. तिथं न्यूट्रल होतीच. मी पुन्हा माझ्या जागी बसलो; माझ्या आणि भावाच्या पाठीमागे नाण्याएवढी बॅटरी असलेला, बिनतारी निरोप पाठवणारा एकेक तुकडा लागला. जुन्या दिव्याच्या जागी झगझगीत नवा आला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला प्रकाशाची पट्टी लागली.

“आणि तुझं ते वायफाय गेलं तर?” काकूंनी डोळे बारीक करून टेस्टररावाला विचारलं.

“याला वायफाय लागत नाही, काकू. बटण दिव्याशी थेट बोलतं.”

“बोलू दे. तुझ्यासारखं मध्येच चहा मागितला नाही म्हणजे झालं.”

आता माझ्या पोटातून वीज वाहत नाही, निरोप जातो. पूर्वी माझ्या हुकमात एक दिवा होता. आता माझ्या एका ‘खट्’सरशी जिन्यातला मोठा दिवा, चौदा पायऱ्या, वरचा बोळ आणि शिवणाची खोली, सगळं एकदम उजळतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढी बढती कुणाला मिळते? आणि ऐका, लेकीनं आपल्या नव्या घरातली काचही उतरवली. तिथं आता उंचवट्याची, दाबली की आवाज करणारी बटणं आहेत. त्यांचा नमुना कोण, हे मी सांगायला नको.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्यांना महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्या हातानं लावू नका, स्क्रू सैल झाला तर वेळीच आवळा. आणि जुनी वस्तू काढून टाकण्याआधी ती वापरणाऱ्या हाताला एकदा विचारा.

काम पुरं झालं त्याच दिवशी दिवेलागणीला काकूंनी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा उचलला. लेक खाली उभी. ‘खट्.’ पायऱ्यांच्या साऱ्या कडा एकदम उजळल्या. काकू जिन्याच्या मधोमध चढत गेल्या. भिंतीला खांदा लावला नाही, पायानं पायरी चाचपली नाही, मध्ये थांबल्या नाहीत. सगळ्यात वर पोचून त्यांनी गठ्ठा बोळातल्या खुर्चीवर ठेवला आणि वळून खाली पाहिलं. त्यांना चौदाच्या चौदा पायऱ्या दिसत होत्या.

लेकीनं खालून विचारलं, “आई, तिकडची तुझी खोली तयार आहे. काय ठरवलंस?”

“ती खोली पाहुण्यांना दे,” काकू वरून खणखणीत आवाजात म्हणाल्या. “मी इथंच राहणार.”