शुक्राचा बांध
जमनाने ढेकूळ फोडलं. आतला गव्हाचा दाणा चिमटीत धरला, तर तो पचकन फुटला आणि आंबूस वास आला. दुसरं ढेकूळ, तिसरं, तीच गत.

भातकापणीनंतर खाचरात गहू पेरायचा हट्ट तिचाच होता. गहू लागला तर यंदा उन्हाळ्यापर्यंत घरी राहायचं, नाहीतर आहेच दाराला कुलूप आणि वीटभट्टी. गेल्या वर्षी भट्टीच्या धुराने तिच्या नवऱ्याला, शुक्राला, खोकला जडला तो जडलाच. पुन्हा तिथे नेलं तर हा माणूस परत यायचा नाही, या भीतीने तिची झोप उडाली होती.

त्यात पेरणीवर अवकाळी पाऊस पडला. काळी चिकट जमीन, पाणी काही हटेना. आणि आता बघते तर काय, शुक्रा बांधावर वाकून पाणी निघायच्या तोंडावर चिखल थापत होता!

"काय करतंस रं?"

"तोंड बुजवतो. पाऊस पडला तवापासून रोज बुजवतो. थेंब जाऊ दिला नाय," शुक्रा कौतुकाच्या आशेने हसला.

जमनाच्या मस्तकात तिडीक गेली. पण रागवायचं तरी कुणावर? जन्मभर भात केलेला माणूस, शेतात पाणी अडवायचं एवढंच ठाऊक. पाड्यात कुणाचंही खाचर फुटलं की हाक यालाच. तिने कुजका दाणा त्याच्यापुढे धरला.

"गहू कुजला. पानी मानवत नाय त्याला."

शुक्राने तिच्या हातातला दाणा घेतला, हुंगला.

"म्हंजे मीच कुजवला."

"तुला कुठं ठावा होता? मी तरी कुठं सांगितला?"

"बी हाय अजून?"

"आर्धा हाय, कोठीत. जमीन सुकली तर परत पेरू."

तोंड उघडून वरचंच पाणी गेलं असतं, म्हणून शुक्राने कुदळ उचलली आणि बांधाच्या सगळ्यात सखल जागी घाव घातला. हा बांध त्याच्या बापाने घातलेला.

"वेड लागला का रं शुक्रा?" पलीकडच्या शेतातून झिपरू ओरडला. "आपलाच बांध फोडतंस?"

शुक्राने मान वर केली नाही. खोकल्याची उबळ आली तसा थांबला, जमनाने कुदळीला हात घातला, पण त्याने ती सोडली नाही. शेवटी बांध फुटला आणि गढूळ पाणी ओहळाकडे धावलं.

शुक्रा पाण्याकडे पाठ करून बसला.

"गेला का सगला?"

"जातो हाय."

"गेला का सांग," तो म्हणाला आणि डोंगराकडे बघत राहिला.