चिलिकाकाठचा कौल

पाखरं का घटताहेत, याचा देवीला कौल लावायला ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या काठी सगळं गाव जमलं होतं. वैकुंठ गुणियाने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, मंतरलेली साळ पाण्यात फेकली. रानबदकं ती खायला धावली आणि थोड्याच वेळात एकेकाची मान खाली झुकली. बायकांनी हात जोडले.

"पाखरंसुद्धा देवीला नमस्कार करताहेत," वैकुंठ म्हणाला. "देवीने कौल दिला. या मालतीच्या नजरेनेच पाखरं घटली."

मालती मावशी विधवा. हिवाळाभर रोज बांधावर बसून बदकं मोजायची. ती दरवर्षी कमी होताहेत, हे तिनेच गावाला सांगितलं होतं.

"हिला गावाबाहेर काढा," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं पुढे झाले.

तशा झुकलेल्या माना मी बारा वर्षं बघत आलो होतो.

गुरांना लस टोचायला आलेल्या डॉक्टर सुलग्नाताई सरळ पाण्यात उतरल्या आणि एक बदक उचलून घेऊन आल्या. "नमस्कार कसला? मानेतली ताकद गेलीय याच्या." ते त्यांच्या हातातच मेलं. त्यांनी त्याची अन्नाची पिशवी चिरली. आतले दाणे जांभळट होते.

"हे शेतात किडीला घालायचं विष आहे. गुणियाबुवा, उरलेली साळ कोंबड्यांना घालू?"

"देवीचा प्रसाद कोंबड्यांना?"

"मग तुम्ही खा."

वैकुंठ दोन पावलं मागे सरला.

"पण पाखरं तर आधीपासून कमी होताहेत," सरपंच म्हणाले. "त्याचं काय?"

"उन्हाळ्यात ती जिथे पिल्लं काढतात, ती उत्तरेतली तळी आटली तर ती घटतात, हे खरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण इथे आलेली परतच गेली नाहीत, तर पिल्लं कुठून होणार? दरवर्षी हे विष कोण टाकतं?"

शेवटी मीच तोंड उघडलं. "मी. आणखी पाच-सात जण आहेत. मेलेली पाखरं बाजारात विकतो आम्ही. आजची साळही मीच विषात भिजवून दिली. वैकुंठने मागितली, कशाला हवी ते मी विचारलं नाही."

मालती मावशी माझ्याकडे बघत राहिली. "नबा, रोज पहाटे तुझी होडी दिसायची. मला वाटायचं, मासे धरतोस."

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? आणि उत्तर ठाऊक असेल, तर लगेच सांगा. मावशीला हाकलायला माणसं पुढे आली, तेव्हा ते मला ठाऊक होतं, आणि मी उभा राहून बघत होतो.