शनिवारचं पाणी

अंड्यावर चिंचेच्या पाल्याचा ठसा उमटला होता, पण एका कडेला पान सुटलं होतं आणि तिथे कांद्याच्या सालींचा तांबूस रंग आत शिरला होता — त्यामुळे त्या बाजूची बारीक पानं पुसट, पाण्याखालून पाहिल्यासारखी दिसत होती. एल्स्पेथने दोन चमच्यांमध्ये धरून ते उजेडाकडे फिरवलं. पानावर बांधलेली चिंधी पुरेशी आवळली गेली नव्हती. हे सतरावं. पटावर बत्तीस मुलं, म्हणजे अजून पंधरा. पातेल्यात एका वेळी आठ मावतात, रंग धरायला वीस मिनिटं, दर वेळी सालींचं पाणी थोडं फिकं होत जातं … ती हिशेब करत राहिली, कारण हिशेब चालू असला की मधल्या जागेत दुसरं काही शिरत नाही.

घरी, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, हे काम आई करायची. चिंचेच्या जागी नेच्याचं पान असायचं. ईस्टरच्या रविवारी गावातली सगळी पोरं आपापली अंडी घेऊन टेकडीवर जायची आणि उतारावरून सोडून द्यायची. ज्याचं न फुटता तळाशी पोचेल त्याचं वर्ष चांगलं. मेलेला प्रभू उठला तेव्हा त्याच्या थडग्याच्या तोंडावरचा धोंडा असाच गडगडत बाजूला झाला, असं तिला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं, आणि सोमवारी तिनेही तसंच सांगितलं, इथे, ठाण्याहून कोलशेतला जाणाऱ्या वाटेवरच्या मिशनच्या दोन खोल्यांच्या शाळेत. शाळेत मराठी शिकवणाऱ्या आणि संध्याकाळी तिलाही ती भाषा शिकवणाऱ्या सुमतीबाई मागच्या बाकावरून हसल्या होत्या. टेकडी कुठून आणणार, इथे तर सगळी मिठागरं. आणि ती अंडी माझ्या हातून वाटायला लावू नका हं, आमच्या अण्णांना कळलं तर उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. पण सालींची पिशवी त्यांनीच आणून दिली होती, शेजारच्या चार घरांतून गोळा करून.

मनात मंगळवार मात्र आलाच. हिशेब चालू असतानाही आला.

मंगळवारी तिने फळ्यावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र काढले होते. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, हे सांगायचं होतं: वसंतात दिवस-रात्र समान झाले की त्यानंतरची पौर्णिमा धरायची, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. मग तिला एक गोष्ट सुचली. ती आयत्या वेळी सुचली आणि त्याचाच आनंद झाला — पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून भरती मोठी. मग ईस्टरच्या सुमाराला खाडीचं पाणी कसं असेल? ठाण्याच्या नोकरदारांची मुलं एकमेकांकडे पाहू लागली. खाडीकाठच्या कोळ्यांची अकरा वर्षांची सगुणा उठून उभी राहिली. "उधाणाचं," ती म्हणाली. आणि मग, कुणी न विचारता, "उधाण जे नेलंय ते आणून टाकतं."

आणि मी म्हणाले, शाब्बास, एल्स्पेथला आठवलं.

तिचा बाप, नामा, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, लहान होडी घेऊन गेला होता. दुपारी होडी तिवरांच्या झुडपांत अडकलेली सापडली — सरळ उभी, आत जाळं, पाण्याचा तांब्यासुद्धा कलंडलेला नव्हता. नामा नव्हता. देह मिळत नाही तोवर कुणी मेला म्हणेना. म्हणून सुतक नाही, आणि घरात शोधाची धावपळ म्हणून पोरीला शाळेत पाठवलेलं. हे सगळं एल्स्पेथला मंगळवारी ठाऊक होतं. ठाऊक असून ती म्हणाली, शाब्बास, कारण चार दिवस गप्प असलेली मुलगी बोलली होती. आणि त्यानंतरच्या तासाला पवित्र शास्त्र उघडून तिने प्रभू उठला तो तिसरा दिवस सांगितला, रिकामी कबर सांगितली, कबरीशी रडणारी बाई त्याला माळी समजली ते सांगितलं — रंगवून, हातवारे करून. आणि पहिल्या रांगेत सगुणा पेन्सिल न हलवता बसली होती. म्हणजे मुलीने काही चुकीचं ऐकलं नव्हतं. दोन तास, दोन गोष्टी, दोन्ही एकाच बाईंनी सांगितलेल्या. तिने बेरीज केली.

बेरजेचं उत्तर आज सकाळी घेऊन आली ती आवडाबाई, नामाची आई. सुमतीबाई उद्याच्या ईस्टरच्या गाण्यांचे कागद लिहीत बसल्या होत्या. आवडाबाई दाराशी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही, आणि चुलीवरच्या पातेल्याकडे पाहत सगळं सांगून टाकलं. गुरुवारच्या हनुमान जयंतीपासून पोर खाडीच्या बांधावर बसून आहे. बापाची लाल टोपी कवटाळून. भात नेला तर दोन घास खाते, रात्री चुलता उचलून आणतो, पहाटे परत जाते. उद्या दहावा, शोध सोडला, देहाच्या जागी चुलता दामाजी दर्भाचा माणूस करणार, त्याच्या डोक्याला ती टोपी घालायची आणि अग्नी द्यायचा. टोपी ती देत नाही. म्हणते, ऐतवारी बाबा येणार, बाईंनी सांगितलंय.

"टोपीबिगर बी होल," आवडाबाई म्हणाली. "पन आता सून बी बांगऱ्या फोरू देत नाय. तिचाच ऐकाला लागली. बोलते, ऐतवार जाव दे."

एल्स्पेथला वाटलं, ही आता रागावेल. तिने रागावावं.

"तू सांग तिला, बाय. तो नाय येनार. तुजा ऐकल ती." आणि पातेल्यावरची नजर न काढता, "मी आई हाय. मना बोलवत नाय."

ती गेल्यावर पातेल्यात एक अंडं तडकलं, पांढरी दोरी पाण्यात पसरत गेली. सुमतीबाईंनी दौतीचं झाकण लावलं. त्या नेहमीसारखं हसत बोलल्या नाहीत. "तुमच्यात ते एकदाच झालं म्हणता ना? मग तेवढंच सांगा तिला. एकदाच. पुन्हा नाही."

तेवढंच. बांधाच्या वाटेने चालताना तिने ते मनात मराठीत लावून पाहिलं. वाक्य सोपं होतं. ऊन माथ्यावर होतं, मिठागरांच्या चौकोनांत पाणी आटून कडेला पांढरी रेघ धरत होती, आणि दीडच्या सुमाराला भरती पुरी होणार होती — ते तिला घड्याळ न पाहता कळत होतं, कारण ती अशाच गावातली. तिथेही घरात येणाऱ्या माणसाच्या पावलांवरून ओळखायचे की बातमी कसली आहे. तिच्या भावाचं, इयनचं जहाज उत्तरेकडे बुडालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, लढाईचं दुसरं वर्ष. बुडालं असं तारेत नव्हतं, बेपत्ता असं होतं, आणि बेपत्ता हा शब्द आईने स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवला, वर्षानुवर्षं पुरवून वापरायच्या जिनसेसारखा. मार्चमध्ये पाद्री आले. त्यांनी चहा घेतला, आणि कप खाली ठेवून स्पष्ट, दयाळू आवाजात सांगितलं की आता वाट पाहू नये, तो येणार नाही. आईने मान डोलावली. त्या ईस्टरला तिने इयनचं अंडं रंगवलं, नेच्याचं पान लावून, खाली त्याच्या नावाचं अक्षर काढून; टेकडीवर ते कुणी नेलं नाही, ते खिडकीत राहिलं. उकडलेलं अंडं न फुटता राहिलं तर आतून सुकत जातं, हलकं होतं, उचललं तर आत खुळखुळतं. दर वर्षी एक. यंदाही — आईचं पत्र बुधवारी आलं — यंदाही.

आणि मी त्या पाद्रींचा द्वेष केला. चहाच्या कपासकट. यांना काय ठाऊक, असं मनात म्हणत राहिले … मग विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकले, पेशींना रंग देऊन काचेखाली पाहिलं, जे दिसतं तेवढंच लिहायचं हे शिकले. आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा मिशनच्या लोकांनी हात हलवला तो मला दिसलाच नाही, कारण मी शेजारच्या जहाजावरच्या खलाशांचे चेहरे बघत होते. नऊ वर्षांनंतर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे मी पुनरुत्थान शिकवायला आले आहे, आणि ते मी चांगलं शिकवते.

सगुणा बांधाच्या टोकाला बसली होती, टोपी मांडीवर, आणि तिच्या पुढ्यात चिखलात एक काठी रोवलेली. बाई दिसल्यावर ती उठली, शाळेतल्यासारखी. तिला रडताना बघायची तयारी करून एल्स्पेथ आली होती. पण मुलगी काठी दाखवायला अधीर होती. कोयत्याने दोन खाचा केलेल्या.

"गुरुवारी पाणी इथवर आलं, बाई. काल इथवर. आज बघा." पाणी दुसऱ्या खाचेच्या वर बोटभर होतं. "काल लई वाढलं, आज थोडंच वाढलं. म्हणजे उद्या उतराला लागंल."

एल्स्पेथ वाकली. मोजमाप बरोबर होतं. काठी सरळ होती, खाचा भरतीच्या ऐन वेळेच्या होत्या, आणि निष्कर्ष — पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी उधाणाचा कळस — पुस्तकात होता तोच होता, फक्त या मुलीने पुस्तक पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिला पूर्ण गुण दिले असते. एल्स्पेथच्या लक्षात आलं की मुलीलाही ठाऊक आहे: आज किंवा उद्या, त्यानंतर पाणी मागे हटत जाईल, आणि एवढं वर पुन्हा येईल तेव्हा दुसरा महिना असेल.

ती शेजारी बसली. मिठाचा आणि चिखलाचा वास, तोच, जगात सगळीकडे तोच. तिने वाक्य म्हटलं.

"सगुणा, तुझे बाबा येणार नाहीत."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. वर्गात कुणी उत्तर दिलं की एल्स्पेथ रोज एकच प्रश्न विचारायची, मुलं त्याची नक्कलही करायची. सगुणाने नक्कल केली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"ठाऊक आहे, की वाटतं?"

"ठाऊक आहे."

"कसं?"

मग तिने सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. आज नववा दिवस. माणसाला श्वास लागतो. पाण्यात इतके दिवस कुणी जगत नाही. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती, आणि प्रत्येक थांब्यात तिला चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज ऐकू येत होता.

"जगत नाही ते मला पण ठाऊक आहे," सगुणा म्हणाली. आवाजात थोडी चीड होती, हुशार मुलाला सोपा प्रश्न विचारल्यावर येते तशी. "मेलेलाच उठतो ना, बाई? जिता कसा उठंल?"

एल्स्पेथला सुमतीबाईंचं वाक्य आठवलं.

"ते एकदाच झालं," एल्स्पेथ म्हणाली. "पुन्हा नाही."

"एकदा झालं ते ठाऊक आहे, की वाटतं?"

कुणीही हा प्रश्न असा विचारला नव्हता. मिशनच्या मंडळींनी निवड करताना विचारलं होतं, तुमचा विश्वास आहे का, आणि त्या प्रश्नाला उत्तर होतं. त्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेलं होतं. हा प्रश्न रिकामा होता. तिने आत पाहिलं — ती शिकली होती तसं, जे दिसतं तेवढंच — आणि उद्या सकाळचं अंगण दिसलं, बत्तीस मुलं हातात अंडी घेऊन, सुमतीबाई दाराशी, आणि मोठ्याने म्हणायचं ते वाक्य, तो उठला आहे. आणि त्या वाक्याच्या खाली, जिथे काहीतरी घट्ट असेल असं तिने इतकी वर्षं धरून चाललं होतं, तिथे फक्त एक चौदा वर्षांची मुलगी होती, पाद्रींच्या तोंडाकडे बघत असलेली. खोटं बोलावं, ठाऊक आहे म्हणावं. खोटं बोलणं हीच इथे दया असेल, दोन्ही बाजूंनी असेल … आवडाबाईच्या बाजूने, आईच्या बाजूने. पण मुलगी उत्तराची वाट पाहत होती आणि तिचा हात काठीवर होता.

"वाटतं," ती म्हणाली.

काही कोसळलं नाही. बगळा उडाला, तिवरांत पाणी हुंकारत शिरलं. सगुणाने मान डोलावली, आकडा लिहून घ्यावा तशी.

"मला पण वाटतं," ती म्हणाली आणि परत बसली.

टोपी तिने दिली नाही. एल्स्पेथने मागितली नाही. जे सांगायला पाठवलं होतं ते सांगून झालं होतं, आता उठावं, आवडाबाईच्या दारात जाऊन सांगावं की मी सांगितलं, पण … पण काय? तिने ऐकलं आणि ती उठली नाही. पाणी थांबलं. एक वाळकी काडी त्यांच्या समोर जागच्या जागी तरंगत राहिली, मिनिटभर, दोन मिनिटं, मग आधी न कळण्याइतकी आणि मग कळेल इतकी समुद्राच्या दिशेला सरकू लागली. नामा येणार नाही. हे ठाऊक होतं, आणि ते म्हणताना तिने दुसरं नावही त्याच श्वासात म्हटलं होतं, मनात, पहिल्यांदाच. तेही ठाऊक होतं. दोन्ही जागच्या जागी होतं, कशातही काही उणं झालं नव्हतं. आणि तरी पाण्यावरून येणारी प्रत्येक काळी गोष्ट — ओंडका, शेवाळाचा झुबका, नुसती सावली — जवळ येईपर्यंत ती श्वास धरून होती, आणि कधीपासून धरून होती ते तिला सांगता आलं नसतं.

सगुणाने तिच्या नजरेचा माग घेतला.

"तिथं नका बघू, बाई," ती म्हणाली. "ओहोटीला धार पलीकडच्या तिवरांना लागून जाते. तिकडं बघा."

लाज वाटेल असं वाटलं होतं. ती आली नाही. तिच्या जागी एक थकवा आला, अंगभर, जड आणि जवळजवळ ऊबदार, ओझं उतरल्याचा नव्हे — तेच ओझं आपल्याशेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवरही आहे हे दिसल्याचा. एल्स्पेथने डोळ्यांवर हात धरला, आणि मुलीने दाखवलं तिकडे पाहू लागली.