देवघरातला अंधार

केडगावच्या गहिनीनाथ मास्तरांची दृष्टी दिवसेंदिवस विझत चालली होती. पुरतं आंधळं होण्याआधी आकाशातल्या देवयानी दीर्घिकेचा स्वतः काढलेला एक तरी फोटो त्यांना डोळे भरून पाहायचा होता. बहात्तरच्या दुष्काळातल्या कोरड्या, निरभ्र आभाळात दुर्बिणीला कॅमेरा लावून तो कसाबसा निघालाही. घरात बिनखिडकीची खोली एकच, देवघराची, आणि देवाच्या दाराला कडी घालायची रीत नव्हती. दार नुसतं लोटून ते अंधारात फिल्म धूत होते, तोच बायको बनुबाई आत आल्या आणि त्यांनी समई लावली.

"अगं, विझव!"

"आवो, तिन्हीसांजेला देव अंधारात ठिवू व्हय?"

उजेड लागून फिल्म काळीठिक्कर पडली. मास्तर ती ज्योतीपुढे धरून शोधत राहिले.

"पुन्यांदा काढा की," बनुबाई म्हणाल्या.

"आता दुर्बिणीत मला तारेच दिसत नाहीत गं."