बंद डबीतला रुपया

सूर्यभानच्या घराण्यात देव म्हणजे एक रुपया. निजामाच्या राज्यातला, चांदीचा, चारमिनारवाला. मेंढरं पाण्यावर आली की पहिला तांब्या त्या रुपयावर ओतायचा, मग मेंढरांनी प्यायचं, शेवटी माणसांनी. त्याला ना चिंच, ना राख, ना कुंकू, नुसतं पाणी. एवढा बिनखर्चिक देव दुसरा नसेल.

पण पाणीच आटलं. कन्नड तालुक्यातली कुरणं करपली, मेंढरं मिळेल त्या भावात गेली आणि सूर्यभान बायकोला घेऊन शहरात आला. बीड बायपासला नव्या इमारती भराभर उठत होत्या, त्यातल्या एकीवर तो वॉचमन झाला. राहायला जिन्याखालची खोली. रानात वाढलेल्या माणसाचा तिथं जीव घुसमटायचा. सुगंधाबाईनं मात्र पत्र्याच्या डब्यावर देव मांडला, आणि टँकर आला की पहिला तांब्या त्याच्यावर.

एक दिवस सूर्यभान तो रुपया शहराच्या छावणी भागातल्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेला. व्यापाऱ्यानं तो भिंगाखाली धरला आणि त्याचा आवाजच बदलला. साल दुर्मीळ होतं. कुणी कधी घासलेला नव्हता, त्यामुळे नक्षीही शाबूत.

"मुंबईला पाठवून तपासून घ्या," तो म्हणाला. "तिथले तज्ज्ञ दर्जा ठरवतात आणि डबीत सीलबंद करून देतात. मग पुण्याचं गिऱ्हाईक डोळे झाकून घेईल. डबी फुटली की दर्जा गेला, एवढं ध्यानात ठेवा."

गिऱ्हाईक देईल त्या पैशात वीस मेंढरं येत होती. वीस मेंढरं म्हणजे परत रान.

बायकोला त्यानं एवढंच सांगितलं, "खरा का खोटा, बघायला धाडतो." देव विकतोय हे सांगायची छाती झाली नाही. गिऱ्हाईक येऊन गेल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. बायकोला भिणारे सगळे नवरे असंच ठरवतात.

रुपया परत आला तो जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये, दर्जाही चांगला लागलेला. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. पण शुक्रवारीच टँकर आला. सुगंधाबाईनं तांब्या ओतला, पाणी प्लास्टिकवरून निथळून गेलं. तिनं डबी उलटीपालटी करून पाहिली.

"ह्याला झाकण कुठंय?"

"नाय झाकण. तसंच असतंय."

"मग देवाला पाणी कसं लागायचं?"

"लागलं की वरून."

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुम्ही प्या. मला नाय उतरायचं घशाखाली."

ना भांडण, ना आदळआपट. भांडली असती तर बरं झालं असतं. शनिवारी वरच्या घरांतली धुणीभांडी करून उतरताना ती चक्कर येऊन पायरीवरच बसली. सूर्यभाननं पाणी पुढं केलं, तिनं तोंड फिरवलं. त्याला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. डबी फोडावी तर जन्मभर ही खोली. न फोडावी तर ही बाई डोळ्यांदेखत वाळून चालली होती, रविवारपर्यंत तग धरेल असं वाटेना.

शेवटी त्यानं सेंट्रिंगवाल्याची हातोडी मागून आणली. प्लास्टिक चिवट, लवकर फुटेना. फुटलं तेव्हा घाव थेट रुपयावर बसला आणि चारमिनारवर खोल खाच पडली. त्यानं घाईघाईनं वर पाणी ओतलं. सुगंधाबाई घटाघटा प्यायली. जरा दम घेऊन तिनं विचारलं, "आत घातलाच व्हता कशापायी?"

आता लपवण्यात काय राम होता? त्यानं सगळं सांगून टाकलं. पुण्याचं गिऱ्हाईक, वीस मेंढरं, कन्नड. 

"येडे का तुम्ही?" ती हळूच म्हणाली. "देव मेंढरांचा. मेंढरांसाठी जात व्हता तर मी हात जोडून वाटंला लावला असता. घरात ठिवून तहानलेला ठिवायचा, ते नव्हतं मला सोसत. एक शबुद बोलायचा व्हता."

सूर्यभानला तोंड वर करवेना. तिनं खाचेतली प्लास्टिकची कपची नखानं काढली, रुपया पुसला आणि डब्यावर ठेवला.

"आता ऱ्हावं लागंल हितंच," ती म्हणाली. "त्यालाबी आन् आपल्यालाबी."